कंट्रोलचं रीडिंग दर आठवड्याला उतरतंय? ‘पीटीपी-१बी मेलं’ म्हणण्याआधी हे तपासा

पीटीपी-१बी या एन्झाइमची नवी व्हायल उघडली की पहिल्या दिवशी कंट्रोल, म्हणजे एन्झाइमला अडवणारं काहीही न घातलेली रिॲक्शन, झकास येतो. मिनिटाला ०.०६ च्या आसपास ॲब्सॉर्बन्स (प्रकाशशोषण) चढतो, तिन्ही वेल (प्लेटमधले खळगे) एकमेकांना धरून असतात. दुसऱ्या आठवड्यात तोच कंट्रोल ०.०४ वर येतो. महिना उलटेपर्यंत ०.०२. मग नवा इंडेंट, नवा पीओ, सहा-आठ आठवडे वाट पाहणं, नवी व्हायल, आणि पुन्हा पहिल्या दिवशी ०.०६. आमच्या लॅबमध्ये हे चक्र जवळजवळ दोन वर्षं चाललं. विद्यार्थी येऊन सांगायचे, “मॅडम, एन्झाइम मेलं,” आणि मीही ते मान्य करून पुढच्या ऑर्डरच्या मागे लागायची.

हे लिहितेय कारण हाच प्रश्न मला दुसऱ्या कॉलेजांतले लोक फोन करून विचारतात. वनस्पतींच्या अर्कांवर मधुमेहासाठी काम करणाऱ्या खूप लॅब आता हे मानवी रिकॉम्बिनंट एन्झाइम विकत घेतात. पन्नास मायक्रोग्रॅमच्या व्हायलीत एखाद्या छोट्या प्रोजेक्टचं वर्षाचं केमिकल बजेट संपतं. ते असं वाया जाताना पाहून जीव तुटतो. आमच्याकडे ज्या पाच-सहा व्हायली “मेल्या” म्हणून टाकून दिल्या, त्यातल्या बहुतेक वाचल्या असत्या असं आज खात्रीनं वाटतं.

आधी एन्झाइमबद्दल थोडं, कारण त्याचा स्वभाव कळला की अर्धं ट्रबलशूटिंग आपोआप होतं. पीटीपी-१बी हे प्रोटीनवरच्या टायरोसीनला चिकटलेला फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम. १९८८ मध्ये ते प्रथम मानवी वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, शुद्ध करण्यात आलं. इन्सुलिनच्या रिसेप्टरवरचे फॉस्फेट तेच उतरवतं, म्हणून इन्सुलिनच्या सिग्नलला ते ब्रेक लावतं. १९९९ मध्ये या एन्झाइमचं जीन काढून टाकलेले उंदीर इन्सुलिनला जास्त संवेदनशील निघाले, आणि तिथून सगळ्यांचं लक्ष याच्याकडे वळलं. पूर्ण प्रोटीन ४३५ अमिनो आम्लांचं असतं. आपण विकत घेतो ते बहुधा १ ते ३२१ एवढाच, काम करणारा तुकडा, ई. कोलायमध्ये तयार केलेला, साधारण ३७ किलोडाल्टनचा.

सगळा खेळ २१५ क्रमांकाच्या सिस्टीनचा आहे. साध्या सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून देतात तो आकडा) ८.५ च्या जवळपास असतो. या सिस्टीनचा ५.४ च्या आसपास. म्हणजे आपल्या बफरमध्ये त्याच्या सल्फरवर कायम ऋण प्रभार असतो. म्हणूनच ते फॉस्फेटवर इतक्या जोरानं चाल करतं, आणि म्हणूनच हवेतला ऑक्सिजन, पेरॉक्साइड, धातूंचे अंश यांना ते लगेच बळी पडतं. ऑक्सिडेशन पायऱ्यापायऱ्यांनी होतं. पहिली पायरी सल्फेनिक, आणि त्यातून शेजारच्या नायट्रोजनशी जोडून होणारं सल्फेनाइल अमाइडचं कडं (हे कडं २००३ मध्ये क्रिस्टलमध्ये दिसलं). इथपर्यंत परत फिरता येतं. त्यापुढच्या सल्फिनिक आणि सल्फॉनिक पायऱ्यांवर गेलेलं सिस्टीन मात्र आपल्या हातून परत येत नाही.

रीडिंग खोटं बोलत नाही ना

एन्झाइमला हात लावण्याआधी मोजमाप तपासा. पीएनपीपी या सबस्ट्रेटमधून, म्हणजे एन्झाइमला काम करायला दिलेल्या पदार्थातून, फॉस्फेट सुटला की पॅरानायट्रोफिनॉल, म्हणजे पीएनपी उरतं आणि ते पिवळं दिसतं. पण पिवळं दिसतं ते आयनरूपात असताना. त्याचा पीकेए ७.१ च्या आसपास आहे. पीएच ७.० ला तुम्ही सलग रीडिंग घेत असाल तर तयार झालेल्या पीएनपीपैकी निम्म्याहून कमीच पिवळं दिसतं, आणि बफरचा पीएच ०.२ नं जरी खाली गेला तरी एन्झाइम मंदावल्यासारखं वाटतं. आमच्याकडे एकदा पूर्ण आठवडा यात गेला. पीएच मीटरचं कॅलिब्रेशन कोणी केलं नव्हतं, एवढंच कारण निघालं.

म्हणून ठरावीक वेळाने सोडियम हायड्रॉक्साइड घालून रिॲक्शन थांबवा आणि मग ४०५ नॅनोमीटरला वाचा. रिॲक्शन थांबते आणि सगळं पीएनपी पिवळं होतं, एका दगडात दोन पक्षी. सोबत पीएनपीचं स्टँडर्ड त्याच प्लेटवर, त्याच बफरमध्ये, तेवढंच हायड्रॉक्साइड घालून लावा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरची उंची अर्ध्या सेंटिमीटरच्या जरा वर असते, एक सेंटिमीटर नव्हे. १८,००० हा एक्स्टिंक्शन कोइफिशंट धरून १०० मायक्रोमोलर पीएनपीला तुम्हाला १.० च्या आसपास रीडिंग यायला हवं. तसं आलं तर रीडर, फिल्टर आणि पिपेट यांच्यावरचा संशय मिटला. ही प्लेट अर्ध्या तासात होते आणि त्यावर दोन वर्षं वाचू शकतात.

एन्झाइम नसलेल्या ब्लँककडेही बघा. बनवून ठेवलेलं पीएनपीपी बाकावर आपोआप तुटत जातं. ब्लँक पिवळा असेल तर सबस्ट्रेट ताजं करा, बाकी काही शोधत बसू नका.

पीबीएस नको

हे वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्या हाताला पीबीएसची, म्हणजे फॉस्फेटच्या बफरची सवय आहे. फॉस्फेट हे याच एन्झाइमचं उत्पादन आहे आणि ते त्याच जागेत बसून त्याला अडवतं. हेपिस किंवा बिस-ट्रिस घ्या. धातूंना पकडून ठेवणारं ईडीटीए एक मिलिमोलर घाला, कारण अगदी थोडं झिंकही या एन्झाइमला अडवतं आणि प्रोटीन शुद्ध करायच्या हिस-टॅगच्या कॉलममधून सुटलेलं निकेलही सिस्टीनचं ऑक्सिडेशन वाढवतं. मीठ दर वेळी तेवढंच ठेवा.

प्रोटीन आहे, काम नाही

आता मुख्य मुद्दा. रीडर ठीक, सबस्ट्रेट ताजं, बफर बरोबर, तरी कंट्रोल पडलेला. आम्ही त्या दिवशी काय केलं ते जसंच्या तसं सांगते, कारण इथेच आमचे डोळे उघडले.

महिनाभर वापरलेली व्हायल घेतली, जिचं रीडिंग ०.०१८ वर आलं होतं. त्यातलं थोडं एसडीएस-पेजवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) चालवलं, शेजारी न उघडलेल्या व्हायलीतलं तेवढंच. दोन्हीकडे ३७ च्या जवळ एकच बँड, सारख्याच जाडीचा. तुकडे पडले नव्हते, प्रोटीन कमी झालं नव्हतं. मग दोन ट्यूब घेतल्या. एकीत जुनं एन्झाइम आणि नुसतं बफर. दुसरीत तेवढंच जुनं एन्झाइम आणि त्याच दिवशी पावडरीपासून बनवलेलं डीटीटी (सिस्टीनचं ऑक्सिडेशन उलटवणारं क्षपणकारक), शेवटचं प्रमाण १० मिलिमोलर. दोन्ही ट्यूब अर्धा तास बर्फावर. मग नेहमीची प्लेट.

पहिली ट्यूब ०.०१८. दुसरी ०.०४७.

प्लेट रीडरच्या स्क्रीनवर तो आकडा चढताना पाहणारी आमची एमएस्सीची विद्यार्थिनी काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “मॅडम, मागच्या तीन व्हायली पण अशाच असतील.” तिचं बरोबर होतं. एन्झाइम मेलंच नव्हतं. सिस्टीन पहिल्या पायरीवर अडकलं होतं आणि त्याला परत आणायला लागणारं डीटीटी आमच्या बफरमध्ये असायला हवं होतं, तिथे नव्हतं.

ही चाचणी तुम्ही करा. उत्तर तीनपैकी एक येईल. डीटीटीनं बरंचसं काम परत आलं, तर ऑक्सिडेशन आणि पुढचा भाग वाचा. थोडंच परत आलं, तर काही भाग पुढच्या पायऱ्यांवर गेलाय किंवा गुठळी झालाय. उरलेलं वाचवण्यात अर्थ आहे. अजिबात आलं नाही, तर व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरच्या द्रवाचं जेल करा. बँड गायब असेल तर प्रोटीन उलगडून तळाला बसलं आहे, आणि त्याला इलाज नाही.

डीटीटीच्या बाटलीवर कोणती तारीख आहे?

आमच्या बाटलीवर “१ मोलर डीटीटी” लिहिलेलं होतं. तारीख नव्हती. फ्रिजच्या दारात ती किती महिने होती हे कोणालाच आठवेना. सगळे जण त्यातूनच असे बफर बनवत होते आणि प्रत्येकाच्या वहीत “१ मिलिमोलर डीटीटी घातलं” अशी नोंद होती. नोंद प्रामाणिक होती. डीटीटी मात्र उरलेलं नव्हतं.

डीटीटी पाण्यात किती टिकतं हे पीएचवर अवलंबून आहे. २० अंश सेल्सिअसला त्याचा अर्धायुकाल पीएच ६.५ ला सुमारे ४० तास, ७.५ ला १० तास आणि ८.५ ला दीड तासाहूनही कमी. तांब्याचा अंश असेल तर आणखी घटतो. म्हणजे सोमवारी डीटीटी घालून बनवलेला पीएच ७.५ चा बफर बाकावर राहिला तर बुधवारी त्यात जवळजवळ काहीच उरत नाही. आणि आमच्या विदर्भात मे महिन्यात वीज गेल्यावर लॅबमध्ये २० अंश कुठले!

तुमच्या बाटलीत किती उरलंय हे मोजणं सोपं आहे, एलमन रिएजंट म्हणजे डीटीएनबी जवळपास प्रत्येक बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असतं. पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये भरपूर डीटीएनबी घ्या (इथे एन्झाइम नाही, त्यामुळे फॉस्फेट चालतो). त्यात स्टॉक इतका पातळ करून घाला की क्युव्हेटमध्ये डीटीटीचं प्रमाण ५० मायक्रोमोलर व्हावं. डीटीटीच्या एका रेणूमागे पिवळ्या टीएनबीचे दोन आयन निघतात, म्हणजे १०० मायक्रोमोलर. ४१२ नॅनोमीटरला १४,१५० हा कोइफिशंट धरला तर एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १.४ यायला हवं. आमच्या बाटलीला ०.४ च्या खाली आलं.

तेव्हापासून आमच्याकडे डीटीटीचा नियम ठरला. १५४ मिलिग्रॅम एक मिलिलिटर पाण्यात विरघळवायचं, लगेच १०० मायक्रोलिटरच्या ट्यूब भरायच्या, उणे २० ला ठेवायच्या. एक ट्यूब एकदाच उघडायची, उरलेलं फेकायचं. बफरमध्ये डीटीटी प्रयोगाच्या सकाळीच पडतं. आधीपासून डीटीटी घातलेली बाटली कोणी ठेवली तर मी ती रिकामी करते, मग ती कोणाचीही असो.

डीटीटीऐवजी टीसीईपी हे दुसरं क्षपणकारक वापरलं तर चालेल का, हे खूप जण विचारतात. चालतं, ते हवेत जास्त टिकतं. पण त्याचा हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असतो, पीएच आधी जुळवून घ्या, नाहीतर थोडंसं टाकल्याबरोबर बफर खाली घसरतो. फॉस्फेट बफरमध्ये न्यूट्रल पीएचला टीसीईपी टिकत नाही, हे दुसरं. आणि अर्कांच्या स्क्रीनिंगमध्ये त्याचा जो त्रास आहे तो पुढे सांगते.

एक छोटी गोष्ट: ऑक्सिडाइझ झालेलं डीटीटी २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. जुन्या डीटीटीच्या बफरमध्ये ए-२८० वर प्रोटीन मोजलंत तर आकडा फुगतो आणि तुम्ही प्लेटमध्ये समजता त्यापेक्षा कमी एन्झाइम घालता.

व्हायल कितीदा वितळली?

व्हायल पोचली त्या दिवशीच आलिक्वॉट करा, म्हणजे छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा. पाच ते दहा मायक्रोलिटर, एका दिवसाच्या प्लेटला पुरेल एवढंच. द्रव नायट्रोजन असेल तर त्यात गोठवा, नसेल तर ड्राय आइसमध्ये, मग उणे ८०. “उद्या करू” म्हणून अख्खी व्हायल परत ठेवली की उद्या पहिला थॉ वाया जातो.

घरगुती पद्धतीचा, बर्फ न साचणारा फ्रीजर यासाठी वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने स्वतःला गरम करतो, आणि त्याच्या भिंतीजवळची दहा मायक्रोलिटरची ट्यूब दर फेरीत अर्धवट वितळते. आमच्या सुरुवातीच्या व्हायली अशाच एका फ्रीजरमध्ये होत्या. त्यात भर म्हणजे वीज जाणं. डीप फ्रीजर इन्व्हर्टरवर नसेल तर एन्झाइमचा डबा गोठवलेल्या पाण्याच्या पिशव्यांच्या मधोमध ठेवा, दोन-तीन तास सहज निघतात.

स्टॉकमध्ये ग्लिसरॉल असतं, ते उपयोगाचंच आहे, पण पिपेट करताना दगा देतं. आलिक्वॉट बफरमध्ये सोडलंत की तळाशी नीट पाहा. पाण्यात साखरेचा पाक सोडल्यावर दिसतात तशा वेटोळ्या रेषा दिसतील. त्या दिसेनाशा होईपर्यंत ट्यूब हळूहळू उलटीपालटी करा. व्होर्टेक्स लावू नका, फेस आला की प्रोटीन हवेच्या कडेला जाऊन उलगडतं. आणि टिप स्टॉकमध्ये खोल बुडवू नका. टिपच्या बाहेर चिकटलेला ग्लिसरॉलचा थेंब दोन मायक्रोलिटरच्या मापात मोठा फरक करतो. तीन वेलमध्ये तीन आकडे येतात त्याचं कारण निम्म्या वेळा हेच असतं.

पातळ केलं की गायब होतं

आपण प्लेटमध्ये साधारण ५ नॅनोमोलर एन्झाइम घालतो. ३७ किलोडाल्टनच्या हिशोबाने ते मिलिलिटरला ०.२ मायक्रोग्रॅमही भरत नाही. एवढं पातळ प्रोटीन साध्या प्लास्टिकच्या ट्यूबला चिकटून संपतं. सकाळी ट्यूबमध्ये पातळ केलेलं एन्झाइम दुपारी अर्धं होतं, आणि ए ओळ ते एच ओळ भरेपर्यंत रीडिंग उतरत जातं. अर्क एच ओळीत असेल तर तो “उत्तम इनहिबिटर” ठरतो! हे आमच्या एका पोस्टरमध्ये झालं होतं. पोस्टर मागे घेतलं.

बफरमध्ये मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (प्लास्टिकला एन्झाइमऐवजी चिकटणारं साधं प्रोटीन) आणि ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट) घाला. शेवटचं पातळीकरण प्लेट भरण्याच्या आधी दहा मिनिटांत करा, बर्फावर ठेवा. कंट्रोल फक्त पहिल्या कॉलममध्ये न ठेवता पहिल्या आणि शेवटच्या अशा दोन्ही कॉलममध्ये ठेवा. दोन्ही जुळले तरच प्लेट धरायची.

एन्झाइम रिॲक्शन चालू असतानाच मरतंय का, हे पाहायला सेल्विनची १९६५ ची चाचणी आजही सर्वांत सोपी आहे. एन्झाइमची तीन प्रमाणं घ्या, प्रत्येकाचं उत्पादन वेळेनुसार मोजा, आणि आडव्या अक्षावर नुसत्या वेळेऐवजी एन्झाइमचं प्रमाण गुणिले वेळ असं मांडा. तिन्ही रेषा एकावर एक बसल्या तर एन्झाइम टिकतंय. कमी प्रमाणाची रेषा खाली वाकली तर ते वेलमध्येच निकामी होतंय. कागद-पेन्सिलीवर होणारी चाचणी आहे, तरी फार कमी लॅबमध्ये केलेली दिसते.

व्हॅनाडेटनं इनहिबिशन येत नाही

व्हॅनाडेट हा या एन्झाइमला अडवणारा, तुलनेसाठी लावायचा ओळखीचा पदार्थ. तो काम करत नसेल तर उत्तर बहुतेक वेळा तुमच्याच बफरमध्ये असतं. ईडीटीए व्हॅनाडेटला पकडून ठेवतं आणि डीटीटी त्याला क्षपित करतं. एन्झाइमला जपायला घातलेल्या दोन्ही गोष्टी कंट्रोल इनहिबिटरच्या मुळावर येतात. व्हॅनाडेटच्या वेलपुरता ईडीटीए नसलेला आणि डीटीटी कमी असलेला बफर वेगळा ठेवा, आणि त्याच बफरचा इनहिबिटर नसलेला कंट्रोलही लावा.

स्टॉकही बघा. ऑर्थोव्हॅनाडेट पिवळं-केशरी दिसत असेल तर त्यात डेकाव्हॅनाडेट आहे. पीएच १० ला आणा, उकळी आणा, रंग जाईपर्यंत. गार झाल्यावर पुन्हा पीएच १०, पुन्हा रंग आला तर पुन्हा उकळी. रंगहीन राहिलं की छोट्या ट्यूबमध्ये गोठवा. हातमोजे घाला, व्हॅनाडेट विषारी आहे. आणि त्याला पेरॉक्साइड लागू देऊ नका. त्यातून परव्हॅनाडेट होतं आणि ते २१५ चं सिस्टीन कायमचं जाळतं.

हिरड्याचा अर्क ९५ टक्के अडवतो, खरंच?

इथे मला जरा जास्त बोलायचं आहे. वर सांगितलेलं सगळं पैसे आणि वेळ वाचवण्यासाठी. हे मात्र खोटा निष्कर्ष छापला जाऊ नये म्हणून.

हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल, जांभळाची बी. आपल्याकडच्या स्क्रीनिंगमध्ये यांचे अर्क पीटीपी-१बीला हमखास अडवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्हीही आनंदलो. पण यात टॅनिन आणि गॅलिक आम्लासारखी पॉलिफिनॉल भरभरून असतात. ती प्रोटीनला सरसकट चिकटतात, हा एक भाग. दुसरा जास्त फसवा आहे. अशी काही संयुगं, आणि क्विनोन तर विशेष, डीटीटीसारख्या तगड्या क्षपणकारकाकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देत राहतात. वेलमध्ये सतत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. ते पेरॉक्साइड आपलं नाजूक सिस्टीन ऑक्सिडाइझ करतं. रीडिंग पडतं, आणि आपण लिहितो “अर्कानं एन्झाइम अडवलं”. अर्क सिस्टीनच्या जागेत गेलेलाच नसतो. यात डीटीटीच सरपण पुरवतं, आणि टीसीईपीही तसंच, म्हणून वर त्याबद्दल सावध केलं.

तपासायला तीन गोष्टी पुरतात. त्याच वेलमध्ये कॅटलेज घाला. ते पेरॉक्साइड तोडतं, आणि इनहिबिशन नाहीसं झालं तर ते पेरॉक्साइडचंच होतं. दुसरी, डीटीटीऐवजी ग्लुटाथायोन किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल घेऊन तीच प्लेट पुन्हा करा. हे सौम्य क्षपणकारक या चक्राला सहसा साथ देत नाहीत. तिसरी, एन्झाइम नसलेल्या वेलमध्ये अर्क, डीटीटी, फिनॉल रेड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज एकत्र करा, शेवटी सोडियम हायड्रॉक्साइड घालून ६१० नॅनोमीटरला वाचा. पेरॉक्साइड तयार होत असेल तर इथेच दिसतं. फिनॉल रेड तर कल्चर लॅबमध्ये पडलेलंच असतं.

आमच्या सात “हिट” अर्कांपैकी कॅटलेजपुढे दोनच टिकले. त्यातला एक ट्रायटनचं प्रमाण वाढवल्यावर गेला, म्हणजे तो गुठळ्या करून एन्झाइमला गुंतवत होता. उरलेल्या एकावर आता काम चालू आहे, आणि त्याचं प्रत्येक रीडिंग आम्ही अर्काच्या स्वतःच्या रंगाचा ब्लँक वजा करून घेतो, कारण तपकिरी अर्क ४०५ ला स्वतःच प्रकाश शोषतो.

सात अर्कांची यादी घेऊन पेपर लिहिला असता तर तो कुठे ना कुठे छापूनही आला असता, आणि डाळिंबाच्या सालीनं साखर उतरते असं कोणाच्या तरी घरातल्या मधुमेही माणसानं वाचलं असतं. या एन्झाइमला अडवणारं औषध शोधणं मोठमोठ्यांनाही जड गेलं आहे. अर्टिप्रोटाफिबसारखं संयुग माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत जाऊन थांबलं. तिथे आपल्या एका प्लेटवरच्या ९५ टक्क्यांची जबाबदारी आपणच घ्यायला हवी.

खरोखर व्हायलच खराब असेल तर

असंही होतं. एकदा उन्हाळ्यात खोका आला तेव्हा थर्मोकोलमध्ये ड्राय आइसचा एक खडाही नव्हता, व्हायल हाताला कोमट लागत होती. आलिक्वॉट केलं, पहिल्याच प्लेटला ०.००९. ताज्या डीटीटीनं फरक पडला नाही. फिरवल्यावर तळाशी पांढुरका ठिपका, वरच्या द्रवात बँड नाही.

अशा वेळी पुरवठादाराकडे नुसतं “ॲक्टिव्हिटी नाही” असं लिहून उपयोग होत नाही. खोका उघडतानाचा फोटो, वेळ, लॉट नंबर, जेल, डीटीटी घातलेली आणि न घातलेली प्लेट, आणि जुन्या लॉटचं त्याच दिवशी घेतलेलं रीडिंग पाठवा. या शेवटच्या गोष्टीसाठी प्रत्येक लॉटचे दोन आलिक्वॉट कायम बाजूला ठेवा. आणि त्यांचं युनिट कशावर ठरवलंय तेही वाचा. कोणी मिनिटाला एक मायक्रोमोल धरतं, कोणी एक नॅनोमोल. कोणी ३० अंशांवर, कोणी ३७ अंशांवर. हजारपटीचा फरक नुसत्या व्याख्येत असू शकतो.

आम्ही एवढं सगळं जोडून पाठवलं, त्यांनी तीन दिवसांत नवी व्हायल मंजूर केली. ती आली तेव्हा खोक्यात ड्राय आइस होता, आणि दहा-दहा मायक्रोलिटरच्या ट्यूब भरून झाल्यावरच आम्ही जेवायला गेलो.